समान वाटणी की न्याय्य वाटणी?

मी पीएच.डी.चे काम करीत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या विभागात सर्वांना मिळून एकच संगणक-समूह होता. हवामानाची प्रारूपे चालवणारे, प्रथिनांच्या रचना शोधणारे, ताऱ्यांच्या हालचालींचे गणित करणारे असे सगळे विद्यार्थी एकाच रांगेत उभे असत. काम लावताना आपल्याला किती प्रोसेसर हवेत, किती मेमरी हवी, हे आधी लिहून द्यावे लागे. मागणी जास्त झाली की प्रत्येकाच्या आकड्याला सारख्या प्रमाणात कात्री लावली जाई. पहिल्या महिन्यात मी खरे आकडे लिहिले. शेजारच्या टेबलावरच्या वरिष्ठ सहकाऱ्याने ते पाहिले आणि हसून सल्ला दिला, "चार हवे असतील तर आठ लिहीत जा. कापाकापी होऊन चार हातात पडतात."

मी आठ लिहू लागले. वर्षभरात सगळेच दुप्पट लिहू लागले, नंतर तिप्पट. समूह कागदावर सदैव भरलेला दिसे. प्रत्यक्षात त्यातले कितीतरी प्रोसेसर नुसतेच तापत बसलेले असत. माझ्या प्रबंधातले शेवटचे गणन त्यामुळे तीन आठवडे लांबले. ज्या प्रोसेसरवर ते सहज झाले असते, ते कोणीतरी "असू देत जवळ" म्हणून अडवून ठेवले होते. चौकशी केली तेव्हा कळले, की त्यांतले काही मीच दुसऱ्या एका कामासाठी अडवले होते!

आम्ही कोणी लबाड नव्हतो. नियमच असा होता, की खरे बोलणाऱ्याचे नुकसान व्हावे. मग प्रश्न असा पडतो, की वाटणीचा असा एखादा नियम करता येईल का, ज्यात खरी गरज सांगण्यातच प्रत्येकाचे हित असेल? हा प्रश्न नीतिशास्त्राचा वाटतो. परंतु संगणकशास्त्रात त्याचे नेमके, गणिती उत्तर शोधले गेले आहे, आणि ते समजून घ्यायला शाळेत शिकवल्या जाणाऱ्या अपूर्णांकांपलीकडचे गणित लागत नाही. वाचकांनी कागद-पेन्सिल मात्र जवळ ठेवावी.

संगणक-समूह आणि त्याचा नियोजक

एका संगणकाला न झेपणारे काम अनेक साध्या संगणकांना जाळ्याने जोडून करून घेता येते. अशा जोडलेल्या संगणकांना संगणक-समूह किंवा क्लस्टर म्हणतात. समूहात दहा संगणक असू शकतात, तसे दहा हजारही असू शकतात. मोठे काम शेकडो तुकड्यांत फोडणे, ते तुकडे वेगवेगळ्या संगणकांकडे पाठवणे, एखादा संगणक बंद पडला तर त्याचा तुकडा दुसऱ्याकडे सोपवणे आणि शेवटी सर्वांची उत्तरे एकत्र करणे, ही सगळी उस्तवार करणाऱ्या प्रणालीला फ्रेमवर्क असे म्हणतात. गूगलच्या संशोधकांनी २००४ साली मॅपरिड्यूस ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यावर आधारलेले हदूप हे सर्वांना खुले असलेले फ्रेमवर्क २००६ मध्ये आले. वैज्ञानिक गणनासाठी एमपीआय हे मानक त्याआधीपासूनच, म्हणजे १९९४ पासून, वापरात होते. यांपैकी प्रत्येक प्रणाली वेगळ्या प्रकारच्या कामात तरबेज आहे. त्यामुळे एकाच संस्थेला अनेक फ्रेमवर्क लागतात.

अडचण अशी, की प्रत्येक फ्रेमवर्क जणू सगळा समूह आपल्याच मालकीचा आहे अशा थाटात वागते. यावर जुना उपाय म्हणजे प्रत्येकाला वेगळा समूह देणे. पण एका घरात चार भावांनी चार विहिरी खणाव्यात, तसे हे खर्चिक काम आहे. एकाची विहीर तुडुंब भरलेली असताना दुसऱ्याचा मळा वाळत राहतो. म्हणून समूह एकच ठेवायचा आणि कोणाला केव्हा किती द्यायचे हे ठरवणारा एक कार्यक्रम वर बसवायचा. यालाच शेड्युलर म्हणतात. आपण त्याला नियोजक म्हणू.

एकच वस्तू वाटायची असेल तर

आधी सोपा भाग घेऊ. समजा, २४ प्रोसेसर आहेत आणि चार गटांना अनुक्रमे ३, ५, १० आणि १४ हवे आहेत. एकूण मागणी ३२ झाली. प्रोसेसर आहेत २४.

मागणीच्या प्रमाणात वाटले, तर प्रत्येकाला मागितल्याच्या पाऊणपट मिळेल: सव्वादोन, पावणेचार, साडेसात आणि साडेदहा. दिसायला हे न्याय्य दिसते. पण तिसऱ्या गटाने १० ऐवजी २२ लिहिले तर काय होईल? एकूण मागणी ४४ होईल आणि तिसऱ्याला १२ प्रोसेसर मिळतील. म्हणजे गरजेपेक्षाही दोन जास्त! पहिल्या, खरे बोलणाऱ्या गटाच्या पदरी मात्र पावणेदोनही पडणार नाहीत. आमच्या विभागात नेमके हेच चालले होते.

आता पंगतीतला वाढपी आठवा. तो पानावरच्या माणसाला "किती जिलब्या खाणार?" असे विचारून हिशेब मांडत बसत नाही. सर्वांना सारख्या वाढत जातो. जो "पुरे" म्हणतो त्याचे पान सोडतो, आणि उरलेल्यांना पुन्हा सारख्या वाढतो. आपल्या उदाहरणात पहिला गट ३ वर थांबेल, दुसरा ५ वर. उरले १६. ते तिसऱ्या आणि चौथ्या गटाला आठ-आठ मिळतील. ३, ५, ८, ८ ही झाली वाटणी. सर्वांत कमी मिळणाऱ्याचा वाटा आधी शक्य तितका वाढवायचा, मग त्याच्या पुढच्याचा, असे या नियमाचे सूत्र आहे. संगणक-जाळ्यांतील वाहतूक वाटून देण्यासाठी हा नियम पूर्वीपासून वापरला जातो. त्याला मॅक्स-मिन न्याय म्हणतात.

आता तिसऱ्या गटाने २२ मागितले तरी त्याला आठच मिळतात. पहिल्या गटाने ३ ऐवजी १० मागितले, तर त्याला सहाहून थोडे अधिक मिळतील. पण तीनच लागत असल्याने वरचे पडून राहतील. दुसऱ्यांचे नुकसान होईल, पण त्याचा स्वतःचा फायदा काही होणार नाही. खोटे बोलण्यामागचे कारणच या नियमाने काढून घेतले. वस्तू एकच असेल तर प्रश्न येथे सुटतो.

दोन वस्तू आल्या की

पण संगणकाच्या कामाला नुसते प्रोसेसर पुरत नाहीत. काम चालू असताना आकडे हाताशी ठेवायला मेमरी लागते, आणि कोणत्या कामाला काय अधिक लागते हे ठरलेले नसते. फेसबुकच्या सुमारे २,००० संगणकांच्या हदूप-समूहात ऑक्टोबर २०१० मध्ये चाललेल्या कामांची मोजणी प्रसिद्ध झालेली आहे. तीत बहुतेक कामे प्रोसेसरवर भार टाकणारी होती, तरी मेमरीवर भार टाकणारी कामेही आढळली. अशा वेळी पंगतीचा नियम कशाला लावायचा? प्रोसेसरला की मेमरीला?

एक छोटा समूह घेऊ. त्यात सहा संगणक आहेत. प्रत्येकात ४ प्रोसेसर आणि ८ गिगाबाइट मेमरी आहे. म्हणजे एकूण २४ प्रोसेसर व ४८ गिगाबाइट. तो दोन गटांनी वाटून घ्यायचा आहे.

हवामान गटाच्या कामाच्या एका तुकड्याला ३ प्रोसेसर आणि २ गिगाबाइट लागतात.

जनुक गटाच्या एका तुकड्याला १ प्रोसेसर आणि ६ गिगाबाइट लागतात.

सर्वांत सरळ वाटणी म्हणजे तीन-तीन संगणक देऊन टाकणे. हवामान गट प्रत्येक संगणकावर एकच तुकडा बसवू शकेल, कारण चारपैकी तीन प्रोसेसर त्यातच जातात. जनुक गटाचाही एकच तुकडा बसेल, कारण आठपैकी सहा गिगाबाइट संपतात. दोघांचे मिळून सहा तुकडे चालतील. हवामान गटाच्या संगणकांवर मेमरी रिकामी पडून राहील, जनुक गटाच्या संगणकांवर प्रोसेसर. वाटणी अगदी समान झाली. पण दोघांपैकी कोणाचेच भले झाले नाही.

हदूपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत प्रत्येक संगणकावर ठरावीक मापाचे कप्पे पाडलेले असत, आणि गटांना कप्पे मोजून दिले जात. सर्वांना एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखा हा प्रकार होता. कोणाला तो ढगळ होई, कोणाला घट्ट.

दुसरी कल्पना अशी सुचते, की प्रोसेसरमधला वाटा आणि मेमरीमधला वाटा यांची बेरीज करावी आणि ती बेरीज सर्वांची सारखी ठेवावी. ही कल्पना पटण्याजोगी आहे. पण तिची परीक्षा घेऊ. जनुक गटाच्या जागी सांख्यिकी गट आला असे समजा. त्याच्या एका तुकड्याला २ प्रोसेसर व ४ गिगाबाइट लागतात. हवामान गटाचा एक तुकडा २४ पैकी ३ प्रोसेसर, म्हणजे १/८, आणि ४८ पैकी २ गिगाबाइट, म्हणजे १/२४ घेतो. बेरीज १/६. सांख्यिकी गटाचा एक तुकडा १/१२ अधिक १/१२, म्हणजे पुन्हा १/६ घेतो. तेव्हा दोघांना सारखे तुकडे द्यायला हवेत. दोघांचा एकेक तुकडा मिळून ५ प्रोसेसर लागतात. २४ प्रोसेसरमध्ये अशा जोड्या पाचही बसत नाहीत. सांख्यिकी गटाला पाचापेक्षा कमी तुकडे मिळाले. हाच गट आपले तीन संगणक घेऊन वेगळा बसला असता, तर प्रत्येकावर दोन याप्रमाणे त्याचे सहा तुकडे आरामात चालले असते! ज्या नियमामुळे एकत्र राहण्यापेक्षा वेगळे निघणे फायद्याचे ठरते, तो नियम घर मोडतो. म्हणून ही कल्पना बाद.

प्रमुख वाटा

या कोड्याचे उत्तर अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अली घोडसी, माटेई झहारिया, बेंजामिन हिंडमन, अँडी कॉनविन्स्की, स्कॉट शेंकर आणि इऑन स्टोइका यांनी २०११ मध्ये मांडले. ते थोडक्यात असे: प्रत्येक गटाने कोणत्या वस्तूचा सर्वांत मोठा हिस्सा घेतला आहे ते पाहा. तो त्याचा प्रमुख वाटा. आता पंगतीचा नियम या प्रमुख वाट्याला लावा. ज्याचा प्रमुख वाटा सध्या सर्वांत लहान, त्याला पुढचा तुकडा वाढा.

हवामान आणि जनुक या गटांना हा नियम लावून पाहू. हवामान गटाचा एक तुकडा प्रोसेसरचा १/८ आणि मेमरीचा १/२४ घेतो. मोठा हिस्सा १/८, तोही प्रोसेसरचा. जनुक गटाचा तुकडा प्रोसेसरचा १/२४ आणि मेमरीचा १/८ घेतो. त्याचाही प्रमुख वाटा १/८ आहे, पण मेमरीचा. तेव्हा दोघांना आळीपाळीने एकेक तुकडा मिळत जाईल. एका फेरीत ३ अधिक १ असे ४ प्रोसेसर आणि २ अधिक ६ असे ८ गिगाबाइट संपतात. हे आकडे ओळखीचे वाटले का? हा बरोबर एक संगणक आहे! सहा फेऱ्यांत सहा संगणक भरतात. प्रत्येक संगणकावर दोन्ही गटांचा एकेक तुकडा शेजारी शेजारी बसतो आणि रिकामे काही उरत नाही. तीन-तीन तुकड्यांऐवजी दोघांचे सहा-सहा तुकडे चालले. एकाला जे नको होते, तेच दुसऱ्याला हवे होते. समान वाटणीला ते दिसत नव्हते.

आता सांख्यिकी गट घ्या. त्याच्या तुकड्याचा प्रमुख वाटा १/१२ आहे. हवामान गटाचे ४ तुकडे झाले की ४/८, म्हणजे निम्मे. सांख्यिकी गटाचे ६ तुकडे झाले की ६/१२, म्हणजेही निम्मे. बारा-बारा प्रोसेसर संपले. वेगळे बसून मिळाले असते त्यापेक्षा सांख्यिकी गटाला एकही तुकडा कमी मिळाला नाही.

चार कसोट्या

हा नियम न्याय्य आहे असे नुसते म्हणून भागत नाही. बर्कलीच्या संशोधकांनी न्यायाच्या कसोट्या आधी स्पष्ट मांडल्या आणि त्यांवर नियम घासून पाहिला. त्यांतल्या चार मुख्य कसोट्या अशा.

पहिली: समूहाचे सारखे भाग करून प्रत्येकाला वेगळे बसवले असते, तर जे मिळाले असते त्यापेक्षा एकत्र राहून कोणाला कमी मिळू नये.

दुसरी: कोणालाही दुसऱ्याच्या वाट्याचा हेवा वाटू नये. जनुक गटाच्या वाट्याला ६ प्रोसेसर व ३६ गिगाबाइट आले. तो वाटा हवामान गटाला दिला तर त्याचे दोनच तुकडे चालतील. स्वतःच्या वाट्यात सहा चालतात. मग हेवा कशाचा?

तिसरी: दुसऱ्या कोणाचे न काढता एखाद्याला अधिक देता येईल, असे काही वाया गेलेले असू नये.

चौथी: खोटी गरज सांगून कोणाचा फायदा होऊ नये.

चौथ्या कसोटीची परीक्षा आपणच घेऊ. आपला हिशेब सध्या सर्व संगणकांच्या एकत्रित भांडाराचा आहे असे धरा. हवामान गटाने ३ ऐवजी ४ प्रोसेसर लागतात असे सांगितले. आता त्याच्या एका तुकड्याचा प्रमुख वाटा ४/२४, म्हणजे १/६ झाला. नियोजकाच्या दृष्टीने हा गट अधिक लवकर "जेवून होतो" आणि त्याची पाळी उशिरा येते. त्याचे ४ तुकडे आणि जनुक गटाचे ६ तुकडे वाढून होईपर्यंत २२ प्रोसेसर संपतात. पुढच्या तुकड्यासाठी ४ हवेत, उरलेत दोन. खरे बोलला असता तर सहा तुकडे चालले असते. खोटे बोलून चारच चालले. उलट गरज कमी करून सांगितली तर मिळालेल्या जागेत तुकडा चालणारच नाही.

ही कसोटी पुस्तकी नाही. त्याच निबंधात मोठ्या कंपन्यांतले दोन किस्से दिले आहेत. एका ठिकाणी हदूपचे कप्पे दोन प्रकारचे होते. पहिल्या प्रकाराला गर्दी असते हे एका वापरकर्त्याच्या लक्षात आले. त्याने आपले सगळे काम दुसऱ्या प्रकारचे आहे असे भासेल अशा रीतीने लिहिले आणि बाजी मारली. दुसऱ्या ठिकाणी, जे संगणकांचा पुरेपूर वापर करतील त्यांनाच ते राखून मिळत. तेव्हा काहींनी आपल्या कार्यक्रमांत निरर्थक, न संपणारी आवर्तने घातली, म्हणजे संगणक सदैव कामात दिसावेत! हे वाचून मला माझे "आठ लिही" आठवले आणि थोडे हायसेही वाटले.

अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध पर्याय आहे. प्रत्येकाला सारखे पैसे द्यावेत आणि बाजारभावाने वस्तू विकत घेऊ द्याव्यात. ही पद्धत वस्तू वाया जाऊ देत नाही. परंतु तीत गरज चुकीची सांगून फायदा उकळता येतो, हेही या संशोधकांनी दाखवले.

प्रत्यक्षात काय होते?

याच विद्यापीठातल्या याच मंडळींनी मेसॉस नावाची नियोजक-प्रणाली बांधली होती. तिची पद्धत मजेदार होती. नियोजक फ्रेमवर्कच्या कामात नाक खुपसत नसे. प्रमुख वाटा कोणाचा लहान आहे ते पाहून तो त्या फ्रेमवर्कला देकार देई: "अमुक संगणकावर इतके प्रोसेसर आणि इतकी मेमरी मोकळी आहे. हवी का?" फ्रेमवर्क तो स्वीकारी किंवा नाकारी. कोणाला किती द्यायचे हे नियोजकाने ठरवायचे. मिळालेल्यातून कोणते काम कोठे चालवायचे हे फ्रेमवर्कने ठरवायचे. ट्विटरने ही प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरली. नंतर गूगलने २०१४ मध्ये खुली केलेली कुबरनेटीज ही प्रणाली सर्वत्र पसरली आणि मेसॉस मागे पडली. प्रमुख वाट्याची कल्पना मात्र मागे पडली नाही. हदूपच्या यार्न या नियोजकात ती आहे, आणि कुबरनेटीजला जोडता येणाऱ्या व्होल्कॅनो या नियोजकातही आहे.

देकार नाकारावा असे का वाटावे? बहुधा कामासाठी लागणारी माहिती दुसऱ्याच संगणकाच्या डिस्कवर असते, आणि ती जाळ्यातून ओढून आणणे वेळखाऊ असते. २०१० मध्ये झहारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधा उपाय सुचवला. आपली पाळी आली तरी काही सेकंद थांबावे आणि मागच्याला पुढे जाऊ द्यावे. समूहात क्षणोक्षणी कोणते ना कोणते काम संपत असते. त्यामुळे थोड्याच वेळात हवा तो संगणक मोकळा होतो. न्यायाला किंचित मुरड घातली की सर्वांचाच वेग वाढतो.

वैज्ञानिक संस्थांत वापरल्या जाणाऱ्या स्लर्म या नियोजकात आणखी एक बाजू सांभाळली जाते. कोणी पूर्वी किती वापर केला तेही तो लक्षात ठेवतो, आणि ज्याने कमी वापरले त्याला पुढे काढतो. पण जुना वापर जन्मभर मानगुटीवर बसू नये, म्हणून तो हळूहळू विसरला जातो. कसा, तर किरणोत्सारी पदार्थासारखा! या स्मरणाला अर्धायुष्य असते. ते बदलता येते. न बदलल्यास ७ दिवस असते. मागे वापरलेले १,००० तास आठवड्याने ५०० मोजले जातात, दोन आठवड्यांनी २५०. अर्धायुष्य शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर सांगण्यासारखे आहे.

नियमाच्या मर्यादा

हा नियम म्हणजे रामबाण नव्हे. त्याचे गणित सर्व प्रोसेसर एका ढिगात आहेत असे धरून चालते. प्रत्यक्षात ते सहा वेगळ्या पेट्यांत आहेत. सांख्यिकी गटाचे उदाहरण पुन्हा घ्या. कागदावर हवामान गटाला ४ आणि सांख्यिकी गटाला ६ तुकडे मिळाले. हवामान गटाचे चार तुकडे चार संगणकांवर बसले की त्या प्रत्येकावर एकच प्रोसेसर उरतो. सांख्यिकी गटाच्या तुकड्याला दोन हवेत. दोन वेगळ्या पेट्यांतला एकेक प्रोसेसर त्याच्या उपयोगाचा नाही. उरलेल्या दोन संगणकांवर त्याचे चारच तुकडे बसतील. गाडीच्या दोन डब्यांत एकेक जागा रिकामी असली, तरी मायलेकरांना शेजारी बसता येत नाही, तसेच हे. पेट्या नेमक्या कशा भराव्यात यावर संशोधन चालूच आहे.

दुसरे असे, की न्यायाची किंमतही मोजावी लागते. डेव्हिड पार्क्स, एरियल प्रोकाचिया आणि निसर्ग शाह यांनी २०१२ मध्ये दाखवले, की वरच्यासारख्या न्यायाच्या कसोट्या पाळणाऱ्या नियमांत काही वेळा समूहाकडून होणारे एकूण काम शक्य तितके जास्त राहत नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांमुळे महागड्या ग्राफिक प्रोसेसरसाठी, म्हणजे जीपीयूसाठी, संस्थांत ओढाताण होते. ती तिसरी वस्तू म्हणून याच हिशेबात घेता येते. पण कोणते संशोधन अधिक महत्त्वाचे, हे नियोजकाला कळत नाही. ते माणसांनी ठरवून गटांना कमीअधिक वजन द्यावे लागते. मग नियम त्या वजनानुसार वाटतो.

वर्गात करून पाहा

२४ चिंचोके आणि ४८ खडे घ्या. चार गट करा आणि ३, ५, १०, १४ असे आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या त्यांना गुपचूप द्या. चिठ्ठीतल्या आकड्याइतके चिंचोके मिळाले की गटाची गरज भागली; वरच्या चिंचोक्यांना किंमत नाही. एका विद्यार्थ्याला नियोजक करा. पहिल्या खेळात त्याने गटांनी सांगितलेल्या मागणीच्या प्रमाणात वाटावे. पाच-सहा फेऱ्या होऊ द्या आणि प्रत्येक फेरीतल्या मागण्या फळ्यावर लिहा. दुसऱ्या खेळात पंगतीचा नियम लावा आणि मागण्या पुन्हा लिहा. दोन्ही रकाने शेजारी ठेवून विद्यार्थ्यांनाच विचारा, की फरक कशामुळे पडला.

तिसऱ्या खेळात दोन गट ठेवा. चिंचोके म्हणजे प्रोसेसर, खडे म्हणजे गिगाबाइट. हवामान आणि जनुक गटांचे आकडे द्या. ज्याचा प्रमुख वाटा लहान त्याला पुढचा तुकडा, या नियमाने वाटा. मग एका गटाला मुद्दाम खोटा आकडा सांगायला लावा आणि त्याचे किती तुकडे पुरे होतात ते मोजा. अपूर्णांकांची तुलना करण्याचा सराव तर होईलच. शिवाय "खोटे बोलू नये" हे वाक्य फळ्यावर न लिहिताही मुलांना त्याचा हिशेब कळेल.

आमच्या विभागातला नियम पुढे बदलला. मागच्या वापराचा हिशेब ठेवणारा नियोजक आला, आणि जागा अडवून ठेवली की पुढच्या आठवड्यात आपलीच पाळी मागे जाते हे सर्वांना समजले. कोणी भाषण दिले नाही, कोणाला दंडही झाला नाही. मी पुन्हा आठाऐवजी चार लिहू लागले. शेजारच्या टेबलावरचे ते वरिष्ठ सहकारीही.